मनगटातून पायापर्यंत : उपचाराची वाट कोणी निवडायची?

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व उत्तरे जोडली आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आमच्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. तरी भंडाऱ्यात आमच्या गल्लीत अजूनही कोणीतरी खोकत येतं आणि म्हणतं, "डॉक्टरसाहेब, एखादी गोळी सांगा ना जी." गोळी आम्हाला सांगता येत नाही आणि आजही सांगणार नाही. विषय मात्र दवाखान्यातला निवडला आहे. गेल्या वर्षी त्याने आम्हालाच गाठलं, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या शास्त्रातला निघाला.

झालं असं. आम्ही रोज सकाळी वैनगंगेच्या पुलाकडे फिरायला जातो. गेल्या वर्षी चालायला लागून पाच मिनिटं झाली की उजवी पोटरी धरायला लागली. थांबलं की दोन मिनिटांत मोकळी. पुन्हा चाललं की पुन्हा तेच. वयाचं असेल म्हणून सहा महिने काढले. शेवटी नागपूरला जाऊन तपासणी केली, तेव्हा कळलं की पोटरीत काहीच बिघाड नाही. बिघाड वर होता. बेंबीच्या थोडं खाली महाधमनीच्या दोन शाखा होतात, एक एका पायाची, दुसरी दुसऱ्या पायाची. त्यातली उजवी शाखा आत अरुंद झाली होती. तिला इलियॅक धमनी म्हणतात. तरुण डॉक्टर म्हणाले, "सर, फुगा फुगवून जागा करू आणि स्टेंट बसवू. डाव्या मनगटातून जाऊ."

आमच्यासोबत गाडी चालवायला गावाकडचा एक मुलगा आला होता. तो बिचारा एवढा वेळ गप्प होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "सर, बिमारी त उजव्या पायात आहे ना जी, मग डाव्या हातातून कायले?"

मंडळी, यापेक्षा चांगला प्रश्न आम्हाला चाळीस वर्षांच्या अध्यापनात फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर मिळाल्यावर उरलेला आणखी एक प्रश्न.

आधी वाट समजून घेऊ. आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळातला तलाव डोळ्यांसमोर आणा. तलावातून मुख्य पाट निघतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांतून बांध्यांत पाणी जातं. कुठल्याही एका बांधीच्या तोंडाशी उभे राहून तुम्ही पाटापाटाने वर चालत निघालात, तर मुख्य पाटापर्यंत पोचता, आणि तिथून उतरून दुसऱ्या कुठल्याही बांधीत जाऊ शकता. धमन्यांचं जाळं असंच आहे. हृदयातून महाधमनी निघते, तिच्या शाखा हातांत, डोक्यात, पोटात, पायांत जातात. डाव्या मनगटातून आत गेलेली बारीक तार दंडातून, कॉलरबोनच्या खालून, महाधमनीपर्यंत प्रवाहाच्या उलट चढते. तिथून वळून प्रवाहाबरोबर खाली उतरते, मूत्रपिंडांच्या शाखा ओलांडते, आणि बेंबीखालच्या त्या फाट्यावरून उजव्या पायाच्या शाखेत शिरते. प्रवास साधारण मीटरभराचा. म्हणजे आमच्या ड्रायव्हरला उत्तर असं, की शरीरात पाय आणि हात वेगळे नाहीत, पाट एकच आहे.

ही युक्ती एका दिवसात सापडली नाही. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी एक साधी गोष्ट मांडली. धमनीत सुई घाला, सुईतून तार सोडा, सुई काढा, तारेवरून नळी सरकवा. चिरफाड नको. आजही जगभर हेच करतात. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या. पाय सडायला लागला होता, शल्यचिकित्सक पाय कापा म्हणत होते, आणि बाई नाही म्हणत होत्या. डॉटर यांनी मांडीतली अरुंद धमनी आतून रुंद केली. पाय वाचला. पायातल्या धमन्यांच्या या उपचाराची सुरुवात अशी एका म्हाताऱ्या बाईंच्या नकारातून झाली, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

या सगळ्यांचा दरवाजा मात्र जांघेत होता. तिथली धमनी चांगली जाड, नळ्या आरामात जातात. मनगटाचा दरवाजा उघडला तो हृदयाच्या डॉक्टरांनी. कॅनडातल्या माँट्रियलचे काम्पो यांनी १९८९ साली मनगटातून हृदयाच्या धमन्यांची तपासणी करता येते असं दाखवलं. पुढच्या काही वर्षांत ॲम्स्टरडॅमच्या कीमेनाय यांनी त्याच वाटेने उपचारही केले. मग पोटातल्या आणि पायातल्या धमन्यांवर काम करणारे म्हणू लागले, आम्हीही याच दाराने का जाऊ नये?

का जावं, हे आम्हाला पुस्तकाआधी अंगाने शिकवलं होतं. काही वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून एका रुग्णालयात आमची अँजिओग्राफी झाली होती, जांघेतून. त्यानंतर सहा तास पाय न हलवता उताणं पडायचं. जांघेवर वाळूची पिशवी. लघवी अंथरुणात. विद्यार्थी भेटायला आलेत आणि गुरुजी चादरीखाली भांडं धरून पडलेत, हे दृश्य आम्ही अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी जांघेपासून गुडघ्यापर्यंत निळं-जांभळं झालं. तीन आठवडे नीट बसता येईना. जिवावर बेतलं नाही, पण एक गोष्ट टोचत राहिली. असं होऊ शकतं हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. कागदावर सही मात्र घेतली होती.

जांघेत अडचण ही की धमनी खोल असते. तिथून रक्त झिरपलं तर ते बाहेर दिसेलच असं नाही. कधी ते पोटाच्या मागच्या पोकळीत साठत जातं आणि रक्तदाब उतरल्यावरच कळतं. मनगटात धमनी कातडीच्या लगेच खाली, मागे हाड. रक्त आलं तर दिसतं आणि अंगठ्याने दाबता येतं. हवेने फुगणारा पट्टा बांधला की काम झालं. रुग्ण उठून बसतो, चहा पितो, स्वतःच्या पायाने मोरीत जातो. आमच्यासारख्या साठ किलोमीटर दूर परतणाऱ्या माणसाला ही लहान गोष्ट नाही.

पण थांबा. एवढ्यावर 'मनगटच चांगलं' असा निष्कर्ष काढला, तर आम्ही तर्कशास्त्राचे मास्तर कसले?

पुरावा बघू. २०११ साली 'रायव्हल' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ३२ देश, ७,०२१ रुग्ण. निम्म्यांना मनगटातून, निम्म्यांना जांघेतून. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांचा एकत्र हिशेब केला, तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. फरक पडला तो दाराशी. रक्ताची मोठी गाठ जांघेच्या गटात १०६ जणांना झाली, मनगटाच्या गटात ४२ जणांना. आकडे स्पष्ट आहेत. पण हे सगळे रुग्ण हृदयाचे होते. तो निष्कर्ष पायाच्या, यकृताच्या, गर्भाशयाच्या कामाला जसाच्या तसा लावता येईल का?

इथे आमचे न्यायशास्त्राचे पंडित कामाला येतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? सरपण ओलं असतं म्हणून. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अनुमान एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं असेल, तर आधी ओलं सरपण कुठे आहे ते शोधा.

रायव्हलमधलं ओलं सरपण कोणतं? ते रुग्ण तातडीने आलेले होते आणि त्यांना रक्त पातळ करणारी बरीच औषधं चालू होती. अशा रक्ताला जांघेत छिद्र पाडलं तर गाठ होण्याची भीती जास्त, म्हणून मनगटाचा फायदा ठळक दिसला. आता चाळिशीतल्या एका बाईंचा विचार करा. गर्भाशयातल्या गाठींमुळे, म्हणजे फायब्रॉइडमुळे, दर महिन्याला रक्त जातं. गर्भाशय काढण्याऐवजी गाठींचा रक्तपुरवठा आतून बंद करायचा ठरलं. हे कामही मनगटातून करता येतं. पण या बाईंना रक्त पातळ करणारी औषधं नाहीत. जांघेतला धोका मुळातच कमी. तिथे मनगटाचा फायदा उरतो तो मुख्यतः सोयीचा आणि लाजेचा. तो फायदा खोटा नाही, फक्त वेगळा आहे. हृदयाबाहेरच्या कामांसाठी पुरावा आहे, पण तो बराचसा लहान लहान अभ्यासांचा. म्हणून प्रत्येक कामाचं सरपण वेगळं तपासायला हवं.

ते असं. यकृतातल्या गाठीला औषध पोचवणं, प्लीहेचा किंवा मूत्रपिंडाचा रक्तस्राव थांबवणं, गर्भाशयाच्या धमन्या, आमची इलियॅक धमनी, इथपर्यंत मनगटाची वाट नीट पोचते. गुडघ्याच्या खाली जायचं तर हात आखूड पडतो. हृदयासाठीच्या नेहमीच्या नळ्या १०० सेंटिमीटरच्या आसपास. पायासाठी त्याहून बऱ्याच लांब दांड्याचे फुगे लागतात, आणि ते प्रत्येक ठिकाणी असतीलच असं नाही. आमच्या डॉक्टरांनी आमची उंची विचारली, तेव्हा आम्हाला गंमत वाटली. कारण नंतर कळलं. पाच फूट चार इंचांच्या गुरुजींना जी नळी पुरते, ती सहा फुटी माणसाला पुरेलच असं नाही.

दुसरी मर्यादा जाडीची. मनगटातली रेडियल धमनी साधारण दोन ते तीन मिलिमीटर रुंद. नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सहा फ्रेंचचं काम मनगटात होतं. पोटातली महाधमनी फुगली आणि तिच्यात कापडी नळी बसवायची असेल, तर त्या मुख्य नळीला मनगटाचं दार पुरत नाही, जांघच लागते. तिसरी गोष्ट मेंदूची. महाधमनीच्या कमानीवर डोक्याकडे जाणाऱ्या शाखांची तोंडं आहेत. तार तिथे घासली, एखादा कण सुटला, तर पक्षाघात होऊ शकतो. डावा हात निवडतात तो यासाठीच. डाव्या हाताची शाखा कमानीवर शेवटची असल्याने मोठी तोंडं ओलांडावी लागत नाहीत. धोका कमी होतो, संपत नाही.

आता हाताकडे येऊ, कारण दार वापरायचं तर दाराचं काय होतं तेही विचारायला पाहिजे.

आपल्या परंपरेत मनगट हे शरीराचं वाचनालय. शार्ङ्गधराच्या संहितेपासून वैद्य अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून नाडी वाचतात. तिथे आज नळी घातली जाते ती कशाच्या भरवशावर? हाताला दोन धमन्या आहेत. अंगठ्याच्या बाजूची रेडियल, करंगळीच्या बाजूची अल्नार. तळहातात दोघींची कमान जुळते. एक बंद पडली तरी दुसरी हात सांभाळते, बहुधा. हे आधी तपासायची जुनी चाचणी आहे. मूठ घट्ट करा, दोन्ही धमन्या दाबा, मूठ उघडा, तळहात पांढरा पडतो. मग करंगळीकडची सोडा. काही सेकंदांत गुलाबी झाला तर ठीक. हल्ली अंगठ्याला ऑक्सिमीटर लावूनही बघतात.

ही चाचणी अ‍ॅलन यांनी १९२९ साली सांगितली. कशासाठी? मनगटातून नळ्या घालायला नव्हे, तेव्हा ती कल्पनाच नव्हती. तंबाखूने हातापायांच्या लहान धमन्या बंद पडतात, त्या बर्गरच्या आजारातले हात तपासायला. भंडारा-गोंदियाच्या माणसाने इथे कान टवकारले पाहिजेत. आपल्याकडे घराघरांत बिडी वळली जाते. ओढणाऱ्याच्या पायाच्या धमन्या बंद होतात, आणि काहींच्या हाताच्याही. म्हणजे ज्याला पायाच्या उपचाराची गरज आहे, त्याचं मनगटाचं दारच खराब असू शकतं. आम्ही स्वतः तीस वर्षं सिगारेट ओढली. बिडी नाही, सिगारेट, एवढाच काय तो प्राध्यापकी फरक. धमनीला तो फरक कळत नाही.

हात तपासून घेतला तरी काही गोष्टी होतात. धमनी आकसते, नळीवर आवळून बसते. बायकांत आणि बारीक धमनीच्या माणसांत हे जास्त. त्यासाठी आत औषध सोडतात. आणि काही जणांची मनगटातली धमनी नंतर गुपचूप बंद होते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, पट्टाही खालून थोडं रक्त वाहत राहील इतकाच आवळतात. तरी होतं. बहुतेकांना कळतही नाही, कारण दुसरी धमनी काम चालवते.

आमची झाली.

पायाचं काम उत्तम झालं. त्याच संध्याकाळी आम्ही खुर्चीत बसून चहा घेतला. आज पुलापर्यंत जातो आणि परत येतो. दीड महिन्याने आमचे एक वैद्य मित्र घरी आले. गप्पा मारता मारता सवयीने दोन्ही मनगटं धरली. डाव्यावर बोटं ठेवून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, इथे काही लागत नाही." सोनोग्राफीत तेच निघालं. हाताला काही त्रास नाही, जड उचललं की थोडा थकतो एवढंच. पण तो पाट बंद झाला. पुढे कधी गरज पडली तर तिथून जाता येणार नाही.

आता आमचा खरा प्रश्न. पहिल्या वेळी जांघ निळी झाली, ती तीन आठवड्यांत बरी झाली. या वेळी एक धमनी कायमची गेली असेल. नुकसान कोणतं मोठं? दुसरं. मग राग पहिल्याचाच का येतो? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. उत्तर साधं आहे. दुसऱ्या वेळी त्या तरुण डॉक्टरांनी आधी बसवून सांगितलं होतं. कोणत्या हाताने लिहिता, मूत्रपिंड कसं आहे, ही धमनी बंद पडू शकते, जांघेतून केलं तर हे होऊ शकतं, तुम्हाला काय वाटतं. आम्ही निवडलं होतं. निवडलेलं नुकसान आणि लादलेलं नुकसान, मापाने सारखं असलं तरी माणसाला सारखं नसतं.

आणि निवड प्रत्येकाची एकच असणार नाही. त्याच वॉर्डात तुमसरकडचे एक गृहस्थ होते. त्यांचंही काम पायाचंच. आम्हाला बसलेलं बघून ते डॉक्टरांना म्हणाले, "मलेही हातातूनच करा जी." डॉक्टर नाही म्हणाले. त्यांची मूत्रपिंडं खराब होत चालली होती. उद्या डायलिसिस लागलं तर हाताची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. १९६६ पासून रूढ झालेली ही पद्धत मनगटातल्या याच धमनीवर उभी आहे. आमच्यासाठी जी धमनी सोयीचं दार होती, ती त्यांच्यासाठी पुढच्या आयुष्याची शिल्लक होती. ते सहा तास वाळूची पिशवी घेऊन पडले. डॉक्टरांनी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून कारण सांगितलं होतं, म्हणून कुरकुर न करता पडले.

तशीच बिडी वळणारी बाई, रोवणीला जाणारी बाई. तिची मजुरी बोटांत आहे. मनगट आठवडाभर दुखलं तर तिचं काय बुडतं, हे तिलाच विचारायला पाहिजे. उलट जांघेतून केलं तर रोवणीत वाकून उभं राहता येईल का, हेही. 'छोटी प्रक्रिया' हा शब्द डॉक्टरांच्या बाजूने खरा आहे. रुग्णाच्या बाजूने ती किती छोटी, हे त्याच्या कामावर आणि त्याच्या उरलेल्या आजारांवर ठरतं. पोर्टलंडच्या त्या बाई आठवतात? पाय कोणाचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : सर, आम्ही साधी माणसं. डॉक्टरांपुढे काय विचारायचं ते सुचत नाही.

उत्तर : चारच गोष्टी लिहून न्या. एक, कोणत्या दाराने जाणार आणि दुसरं दार का नको? दोन, माझ्या हाताची दुसरी धमनी तपासली का? तीन, मला मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा होण्यासारखा आहे, तर ही धमनी राखून ठेवायची का? चार, हे काम तुम्ही या वाटेने नेहमी करता का? चौथा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. नवी वाट शिकताना वेळही जास्त लागतो आणि क्ष-किरणही. ज्या हाताला जांघेचा सराव आहे, त्याच्याकडून जांघेतून करून घेणं कधी कधी जास्त शहाणपणाचं. आणि काम झाल्यावर घरी हात सुजला, बोटं गार किंवा बधिर पडली, पुन्हा रक्त आलं, तर रक्ताची जागा दाबून धरून लगेच दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

प्रश्न : सर, तुमचा पाय मोकळा झाला. आता सिगारेट?

उत्तर : (हशा) बंद. स्टेंटने पाटातला एक अडथळा निघतो, गाळ येणं थांबत नाही. ते आमच्याच हातात आहे, उजव्याही आणि डाव्याही.